धाडसी माणसाने खडक कसा धुवावा

मत्स्यालयातला जुना खडक ॲसिडमध्ये बुडवून स्वच्छ करणे हे अगदीच किरकोळ काम असून, भित्र्या मंडळींनी त्याभोवती नियमांचे उगाच स्तोम माजवले आहे. आपण त्या मंडळींपैकी नाही, असे गृहीत धरून हा सल्ला देत आहे.

हे लोक म्हणे उघड्यावर बसून काम करतात. आपण बिनखिडकीचे न्हाणीघर निवडावे. खडकातील कॅल्शियम कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडले की कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो; हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खालीच साचून राहतो, आणि बादलीवर ओणवे होऊन कौतुकाने पाहणाऱ्याच्या नाकात, ॲसिडच्या वाफेसह, विनासायास शिरतो. नळांवर गंज चढेल, पण नळ तरी कुठे नवे होते?

साधारण 10 भाग पाण्यात 1 भाग ॲसिड सावकाश ओतावे, असे पुस्तकी माणसे सांगतात. वेळ वाचवायचा असेल तर ॲसिडवरच पाणी ओतावे, म्हणजे उष्णतेने उडालेले शिंतोडे थेट डोळ्यांपर्यंत पोहोचतात. गॉगल आणि हातमोजे घालणारे या अनुभवाला कायमचे मुकतात. बादलीही प्लास्टिकची घेऊ नये; जस्ताचा मुलामा दिलेली घेतल्यास खडकाबरोबर तीही झिजू लागते आणि वर ज्वालाग्राही हायड्रोजन फुकट मिळतो.

मात्र खरी गंमत ब्लीचमध्ये आहे. सावध माणूस आधी ब्लीचने खडकावरची सेंद्रिय घाण काढतो, मग तो भरपूर पाण्यात खळबळून पूर्ण वाळवतो आणि त्यानंतरच ॲसिडकडे वळतो. एवढा दम धरण्यापेक्षा दोन्ही एकाच बादलीत ओतणे किती सुटसुटीत! पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडण्यासाठी जर्मन सैन्याला हजारो सिलिंडर वाहून न्यावे लागले होते. आपल्याला तोच वायू घरबसल्या मिळतो.

ॲसिड नकोसे वाटल्यास खडक उकळण्याचाही पर्याय आहे. त्यावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष घरभर पसरू शकते, आणि मग शेजारपाजाऱ्यांना वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही.

आता वेळेविषयी. ॲसिडने वरचा पातळ थर विरघळला की त्यात मुरलेले, शेवाळाला पोसणारे फॉस्फेट निघून जाते, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. पण थोडक्यात समाधान मानणे हा आपला स्वभाव नव्हे. फेस थांबला की पुन्हा ॲसिड घालावे, पुन्हा थांबला की पुन्हा घालावे, आणि खडकाची खडी होईपर्यंत स्वच्छतेचा आग्रह सोडू नये. उरलेले ॲसिड खाण्याचा सोडा घालून निष्प्रभ करणे, खडक अनेकदा पाणी बदलून भिजवणे, पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता, तपासणे, ही सगळी रिकामटेकड्यांची कामे आहेत. खडक निथळला की सरळ टाकीत ठेवावा. माशांना तो आवडला की नाही, हे ते पोट वर करून लगेच कळवतील.