वॅगनआरच्या एअर फिल्टरवरून आलेल्या १ स्टार रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला, जॉब कार्ड काढून परत सगळं बघितलं आणि ज्या पोरानं गाडी केली त्याच्याशीही बोललो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की कंपनीच्या मॅन्युअलमध्ये एअर फिल्टर ४० हजार किमीला बदलायचा लिहिलंय, तुमचा आधीचा फिल्टर जेमतेम १८ हजारच चाललेला, नुसती हवा मारून भागलं असतं, ऑनलाइन तसाच फिल्टर निम्म्या किमतीत मिळतो, आणि बदलून महिना झाला तरी मायलेज तेवढंच आहे, एसी पण तसाच आहे, म्हणजे आम्ही उगाच बिल वाढवलं. पैसे तुमच्या खिशातून गेलेत तर प्रश्न विचारायचा हक्क तुमचाच आहे, म्हणून इथंच सविस्तर लिहितोय, बाकी वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागोवाल्यांना पण वाचता येईल.

आधी जुन्या फिल्टरचं बोलू. तो आमच्याकडं ठेवलेला आहे, कधीही येऊन बघा. नुसता मळलेला असता तर झटकून परत बसवला असता, तसं आम्ही रोज कितीतरी गाड्यांचं करतो आणि त्याचे पैसेही घेत नाही. तुमच्या फिल्टरच्या कागदाच्या घड्यांमध्ये मधोमध दोन ठिकाणी चिरा आहेत, नखाएवढ्या, पण उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं. कुणीतरी आधी कॉम्प्रेसरची गन अगदी जवळून मारलेली आहे. दुसरं म्हणजे एका बाजूची रबराची कड दुमडून चपटी झालेली, म्हणजे ती बॉक्सच्या खाचेत कधी नीट बसलीच नव्हती. आणि मुख्य गोष्ट, फिल्टर काढल्यावर बॉक्सच्या इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखी बारीक करडी माती आली. फिल्टरच्या अलीकडं कितीही कचरा असू दे, पाला, चिलटं, कधीकधी उंदरानं आणलेली सुतळी पण निघते, त्याचं काही नाही. पण पलीकडं धूळ सापडली की ती इंजिनात चाललीय हे नक्की. याचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले, फोन करून विचारलं, तुम्ही हो म्हणालात, मगच नवीन टाकला.

आता हा प्रकार एवढा मनावर का घ्यायचा ते सांगतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये हिशोब केला तर १ लिटर पेट्रोलमागं इंजिन जवळपास ९ हजार लिटर हवा ओढतं. तुमची गाडी त्या फिल्टरवर १८ हजार किमी चालली, २० चं ॲव्हरेज धरलं तर ९०० लिटर पेट्रोल झालं, म्हणजे ८० लाख लिटरच्या वर हवा त्या एका कागदातून गेली. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा, तसे आठशे टँकर भरून हवा. आणि ही हवा कुठली, तर चाकण-तळेगाव रोडची, ट्रक-कंटेनरच्या मागची. रस्त्याच्या धुळीत सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच, ती सिलेंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, घासत बसते, काही ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जाते. हे लगेच कळत नाही हो. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागते, सायलेन्सरमधनं निळसर धूर येतो, आणि मग इंजिन उतरवायची वेळ येते, तो खर्च फिल्टरच्या किमतीत मोजता येत नाही.

मायलेजचं तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर निरीक्षण आहे, वाढणार नव्हतंच. आमच्या पोरानं पिकअपबद्दल सांगितलं होतं, मायलेजबद्दल नाही, आणि जॉब कार्डवरही तसंच लिहिलंय. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं हा समज कार्बोरेटरच्या काळातला आहे, जुन्या मारुती ८०० वगैरे गाड्यांचा. तेव्हा फिल्टर चोक झाला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त खेचलं जायचं, काळा धूर, प्लग काळे, आणि ॲव्हरेज खरंच पडायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत आलेल्या हवेचा अंदाज देतात आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तेवढंच पेट्रोल सोडतो, वर सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर चुकलं तर दुरुस्त करून घेतो. फिल्टर थोडा तुंबला तर तुमचा पाय नकळत ॲक्सिलरेटरवर जरा जास्त दाबला जातो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडा जास्त उघडतो, हवा तेवढीच जाते, पेट्रोल पण तेवढंच. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं २००९ मध्ये मुद्दाम चोक केलेले फिल्टर लावून हीच टेस्ट केली होती, इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक आला नाही, पण गाडी पळवताना ॲक्सिलरेशन मात्र कमी झालं. म्हणजे फरक कळेल तो चार माणसं, डिकीत सामान आणि खंबाटकी घाट असेल तेव्हा. आणि तुमच्या केसमध्ये तर फिल्टर फाटलेला होता, तुंबलेला नव्हता, त्यामुळं हवा उलट आरामात जात होती, नको तेवढ्या आरामात. मायलेजसाठी कुणी तुम्हाला एअर फिल्टर विकत असेल तर घेऊ नका, त्यापेक्षा टायरची हवा दर पंधरा दिवसांनी दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं भरा, आणि ॲव्हरेज काढायचं तर स्क्रीनवर न बघता टाकी फुल टू फुल करून काढा.

४० हजारचा आकडा चुकीचा नाही, पण तो चांगल्या डांबरी रस्त्यासाठी आहे. त्याच मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळं सांगितलेलं असतं, लवकर तपासा, लागेल तसा लवकर बदला. जो माणूस रोज हिंजवडीला ऑफिसात जाऊन येतो त्याचा फिल्टर ४० हजार आरामात जाऊ शकतो, आणि जो खडी क्रशर किंवा आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटच्या रस्त्यानं जातो त्याचा १५ हजारात संपतो, दोघांची गाडी सेम असली तरी. म्हणून आम्ही किमी बघून बदलत नाही, उघडून बघून ठरवतो. दर सर्व्हिसला नवीन फिल्टर टाकायचा आग्रह करणारे पण भरपूर आहेत, त्यांचंही माझ्या मते चूक आहे, कारण कागदाच्या फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक धूळ अडवतो, थोडा वापरलेला चांगला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा जास्त गाळतो. तो फाटेपर्यंत किंवा दम कोंडेपर्यंत चालवायचा नाही एवढंच.

हवा मारायचं म्हणाल तर मारता येते, पण तिची एक पद्धत आहे. प्रेशर कमी ठेवायचं, गन हातभर लांब, आणि आतून बाहेर, म्हणजे इंजिनकडच्या बाजूनं. बाहेरून फुल प्रेशरनं मारली की धूळ कागदात आणखी घुसते आणि घडी फाटते, तुमच्या जुन्या फिल्टरचं तेच झालंय. घरी करायचं असेल तर नुसता जमिनीवर हलक्या हातानं आपटा, बास. पाण्यानं कधीच धुऊ नका, आणि वॉशिंग सेंटरवाला बॉनेट उघडून प्रेशरनं पाणी मारायला लागला तर त्याला थांबवा, कागद ओला झाला की तो गेलाच.

ऑनलाइन किमतीबद्दल: आम्ही कंपनीचा फिल्टर लावलाय, खोक्यावर छापलेल्या एमआरपीला, लेबर शून्य, बिलात बघा. स्वस्तातले सगळे वाईट असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, चांगल्या नावाचे लोकल पार्ट आम्हीही वापरतो. पण घेताना दोन गोष्टी हातात धरून बघा, घड्या सरळ आणि दाट आहेत का, आणि कडेचं रबर मऊ आहे का. रबर कडक असेल किंवा साइज एक-दोन मिलिमीटरनं कमी असेल तर बॉक्स बंद होतो, क्लिपा पण लागतात, आणि हवा कडेनं फिल्टरला वळसा घालून जाते. आणि तुम्ही स्वतः आणून लावलात तरी माझी काहीच हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद, बॉक्सच्या क्लिपा सोडा, जुना काढताना कचरा आत सांडू देऊ नका, बॉक्स ओल्या फडक्यानं पुसा, नवीन बसवून रबर चारी बाजूंनी बोटानं दाबा, क्लिपा लावा, आणि पाइप सुटलेला नाही ना ते बघा.

राहिला एसी. त्याचा या फिल्टरशी संबंध नाही. एसीचा फिल्टर वेगळा, केबिन फिल्टर म्हणतात, तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, आणि काही बेस मॉडेलला तर कंपनीकडून बसवूनच येत नाही. तुम्ही गाडी दिली तेव्हा एसीची तक्रार सांगितली नव्हती, त्यामुळं तो भाग उघडलेला नाही. ब्लोअर फुल करूनही हवा कमी येत असेल तर आधी तोच बघायला लागेल, हवा भरपूर पण थंड नसेल तर गॅस किंवा कंडेन्सरकडं बघायला लागेल.

स्टार बदला असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रविवार सोडून कधीही या, जुना फिल्टर हातात घेऊन बघा, एअर बॉक्स तुमच्यासमोर उघडून दाखवतो आणि आतली बाजू आता कोरडी-स्वच्छ आहे का ते तुम्हीच बोट फिरवून बघा, केबिन फिल्टर पण तेव्हाच काढून बघू, बघायचे पैसे नाहीत. येताना सर्व्हिस बुक तेवढं आणा, मागच्या वेळी गाडीत नव्हतं, त्यात फिल्टर बदलल्याची तारीख आणि किमी लिहून देतो.