जुलैतला गारवा आणि ‘अफेलियन’चा संदेश

पावसाळा लागला की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुनाच संदेश पुन्हा फिरू लागतो: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘अफेलियन’ (पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असण्याची स्थिती) सुरू होणार, सूर्य ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटी किलोमीटरवर, म्हणजे ६६ टक्के दूर जाणार, ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढी थंडी पडणार आणि सर्दी, खोकला, धाप वाढणार. यातला १५.२ कोटींचा आकडा तेवढा खरा आहे.

९ कोटी हे अंतर बहुधा मैलांतले असावे आणि कोणीतरी ते किलोमीटर म्हणून खपवले असावे. पृथ्वी सूर्यापासून जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी किलोमीटरवर असते. हा जेमतेम ३ टक्क्यांचा फरक सहा महिन्यांत हळूहळू पडतो, एका पहाटेत नव्हे.

दूर गेल्यामुळे थंडी, हा दावा तर नाशिकपुरताही टिकत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे जुलैच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य नाशिकच्या जवळजवळ डोक्यावर असतो. तो दिसत नाही, कारण मध्ये ढग असतात. हे ढग फार लांबून आलेले असतात. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे उन्हाळ्यात तापलेल्या आशियाकडे ओढले जाऊन विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्य वारे होतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतात आणि अरबी समुद्रावरचे बाष्प आणून सह्याद्रीवर आदळतात. म्हणूनच त्याच दिवशी इगतपुरीत धुके आणि संततधार असते, तर येवल्या-नांदगावकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. सूर्यापासूनचे अंतर दोन्हीकडे सारखेच. फरक वाऱ्याचा आणि डोंगराचा.

आजारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दमट हवा, ओल धरलेल्या भिंती आणि डासांना पोसणारे साचलेले पाणी ही पावसाळ्यातल्या दुखण्यांची पुरेशी कारणे आहेत.

‘सूर्य दूर म्हणून थंडी’ हाच तर्क जानेवारीला लावला, तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना निफाडला उकडायला हवे. प्रत्यक्षात तेव्हाच तिथला पारा एक अंकी होतो आणि मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक चालू करतात, बागेत शेकोट्या पेटवतात. कारण पुन्हा वाऱ्यांतच आहे. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा हिवाळ्यात आपल्या अक्षांशांवर खाली उतरते, उतरताना कोरडी पडते आणि आभाळ निरभ्र ठेवते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने गमावते. त्यात एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, हिमालयावरून पुढे सरकला, की त्यामागून उत्तरेचे गार वारे थेट गोदाकाठापर्यंत उतरतात.