वळवाच्या पाण्याचा नमुना

माझ्या टेबलावर गेल्या मे महिन्यापासून लोणच्याची एक जुनी काचेची बरणी आहे. वळवाची पहिली मोठी सर आली तेव्हा आमच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गटारातून मी ती भरून आणली होती. त्या दिवशी वर इंद्रधनुषी तवंग होता आणि पाणी चहासारखे तांबूस होते. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बोटभर काळा गाळ बसला. सहज म्हणून बाहेरून चुंबक लावून पाहिला, तर गाळातला बराचसा भाग काचेला चिकटून चुंबकाबरोबर वर सरकू लागला. शॉट ब्लास्टिंगची (छर्रे मारून ओतीव साफ करण्याची) धूळ आणि ग्राइंडिंगचा कीस ओळखायला मला प्रयोगशाळेची गरज नाही, कारण एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) तपासणी विभागात माझी वीस वर्षे गेली आहेत.

हे आधीच सांगण्याचे कारण असे की मी कारखान्यांच्या विरोधात लिहीत नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांतील ओतकामावर आणि मशीनशॉपवर बेळगावातील हजारो घरे चालतात, त्यांत माझेही एक आहे. पण कारखान्याच्या आवारात पडणारे पावसाचे पाणी आपल्याकडे कोणाच्याच हिशेबात नाही, आणि ते हिशेबात धरले गेले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

एक साधे गणित करून पाहा. एक एकर आवारावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. हे पाणी उघड्यावर टाकलेली साच्यांची वापरलेली वाळू, स्लॅग (भट्टीतली मळी), कूलंटने (मशीनवरच्या थंडाव्याच्या द्रवाने) भिजलेला बर म्हणजे धातूचा कीस, गळक्या पिंपांखालची जमीन आणि पत्र्यांवर साचलेली धूळ धुऊन तासाभरात गटाराला लागते. नोव्हेंबरपासून साचलेले सगळे पहिल्याच दोन-तीन सरींत निघते; जुलैत तेच गटार पुष्कळ स्वच्छ दिसते. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी होते. बळ्ळारी नाला दरवर्षी फुगून येळ्ळूर, शहापूर, वडगाव, हलगा या शिवारांत शिरतो तेव्हा पंचनामा होतो तो पीक किती बुडाले याचा. पाण्यातून काय आले, याचा रकाना त्या कागदात नसतो. आमचे थोरले काका पहिल्या पावसात बांधाचे तोंड मातीने बंद करून ठेवत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "बाळा, पैल्या पावसाचं पाणी शेतात घ्यायचं नसतंय बघ, दोन पाऊस जाऊ दे."

कायदा नाही असे मुळीच नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या बरीच रुंद आहे: उद्योगाच्या जागेतून बाहेर सोडला जाणारा, घरगुती मैलापाणी वगळता, कोणताही द्रव, वायू किंवा घन पदार्थ तिच्यात येतो. १९८६ च्या पर्यावरण नियमांनुसार नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम आणि प्लेटिंगमधून (धातूवरच्या मुलाम्यातून) येणारे विषारी षट्‌संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक नसावे, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. अडचण अंमलबजावणीत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला देते त्या संमतिपत्रात प्रक्रियेच्या पाण्याची मोजमापे असतात, शुद्धीकरण यंत्रणेच्या तोंडाशी नमुना घेतला जातो, आणि तोही बहुधा कोरड्या दिवसांत, कारण पावसात कोणी भिजत येत नाही. मी एका कार्यालयात याविषयी विचारले, तेव्हा तिथल्या साहेबांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, "अहो, ते पावसाचं पाणी आहे, सांडपाणी नव्हे." बरणी सोबत नेली असती तर बरे झाले असते.

आमच्या धंद्यात प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नमुना वेगळा घेतात. भट्टीतून धातू ओतायच्या वेळी चकती पाडायची, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवायची, आणि कार्बन-सिलिकॉन पाहूनच पुढे जायचे. चार महिन्यांपूर्वीच्या हीटचा दाखला जोडून आजचे कास्टिंग पाठवले, तर ग्राहक गाडी दारातूनच परत पाठवेल. पाण्याच्या बाबतीत मात्र जानेवारीचा नमुना जूनसाठी चालतो.

अमेरिकेत १९८७ साली त्यांच्या स्वच्छ जल कायद्यात दुरुस्ती करून कारखान्यांतील पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू करण्यात आला आणि १९९० साली त्याचे नियम आले. तिथे नमुना शक्यतो वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा लागतो. दर तिमाहीला स्वच्छ, पारदर्शक भांड्यात पाणी घेऊन रंग, वास, तवंग, फेस आणि गाळ पाहून नोंद ठेवावी लागते, म्हणजे माझी लोणच्याची बरणीच. ठरावीक पातळी ओलांडली की लगेच गुन्हा धरत नाहीत. आवारात सुधारणा करणे मात्र बंधनकारक होते, आणि ते केले नाही तर तो परवान्याचा भंग ठरतो. छोट्या जॉबवर्कवाल्यांसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. मात्र तिथला सगळा नियम उचलून चालणार नाही. आधीच्या पावसानंतर ७२ तास कोरडे गेले पाहिजेत ही त्यांची अट आपल्या जुलैत पाळायची ठरवली, तर नमुना गणपतीपर्यंत मिळणार नाही. आपल्यासाठी वळीव आणि मिरगाचा पहिला पाऊस हेच नमुन्याचे दिवस.

मालकांच्या खर्चाची काळजी मलाही आहे, पण यातली बहुतेक कामे शुद्धीकरण यंत्रणेच्या तुलनेत किरकोळ आहेत: वाळूच्या ढिगावर पत्र्याचे छप्पर, बरच्या जागेला सिमेंटची जमीन आणि वीतभर कट्टा, गटाराच्या तोंडाशी गाळ आणि तेल अडवणारी दोन कप्प्यांची टाकी, आणि मेआधी एकदा आवार झाडून काढणे. झाडायचे म्हणजे पाइपने धुवायचे नव्हे. तेही पाहिले आहे.

ही गोष्ट फौंड्रीपुरती नाही. चिकोडी, हुक्केरी, गोकाक भागांतील साखर कारखान्यांच्या आवारात बगॅस (उसाचे चिपाड) आणि प्रेसमडचे (रस गाळून उरलेल्या मळीचे) ढीग पावसात भिजतात, आणि त्यातून निघणारे पाणी ऑक्सिजन खाणारे असते. मोठ्या साखर कारखान्यांच्या आणि डिस्टिलऱ्यांच्या सांडपाण्यावर चोवीस तासांची ऑनलाइन मोजणी असते, पण ती सांडपाण्याच्या नळावर. कुंपणाखालून वाहणाऱ्या ओघळीवर कसली मोजणी? मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या देशभरातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचेही नाव होते.

माझी बरणी पुरावा म्हणून चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे. जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमानुसार नमुना अधिकाऱ्यानेच, जागेच्या ताबेदाराला सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. तसे न केलेले पृथक्करण न्यायालय विचारात घेत नाही. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचे तर आपण चेन्नईच्या दक्षिण पीठाकडे जायचे, पुण्याचे पीठ हाताशी असूनही. तेव्हा शेतकऱ्याने बाटली भरून वणवण करण्यापेक्षा अधिकाऱ्यानेच योग्य दिवशी यावे, हे जास्त सोपे आहे. आलेले आकडे वसाहतीच्या फाटकावर आणि खालच्या गावांच्या ग्रामपंचायतीत कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत लावावेत. शिवारात राबणाऱ्याला तो कागद वाचता आला पाहिजे, त्यात भाषेचे राजकारण कोणी शोधू नये.

वळीव आपल्याकडे कधी एप्रिलमध्येच कोसळतो आणि येण्याआधी पत्र पाठवत नाही. त्यामुळे कोणत्या वसाहतीचे कोणते गटार, बाटल्या कोणाकडे, आणि ढग दाटले की निघायचे कोणी, हे मार्चमध्येच लिहून ठेवावे लागेल. तशा मागणीचा अर्ज मी तयार केला आहे. नाल्याकाठी ज्यांची शेती आहे किंवा ज्यांचा कारखाना आहे, अशा दोघांच्याही सह्या मला त्यावर हव्या आहेत.