लिटलटनच्या बाई, कराडच्या काकी

महिला आरक्षणाचा विषय निघाला की आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येते : ‘शेवटी निवडून कोण येणार? आमदारांच्या बायका आणि खासदारांच्या सुना.’ लिहिणारी माणसे वाईट नाहीत. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी बसून कारभार हाकणारे ‘सरपंचपती’ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. तरीही हे वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला मी राहते त्या न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या शेजारचे एक उदाहरण पुरेसे आहे.

शहराच्या दक्षिणेकडचे डोंगर ओलांडले की लिटलटन बंदर लागते. या बंदराच्या नावाचा मतदारसंघ न्यूझीलंडच्या पहिल्या संसदेपासूनचा, म्हणजे १८५३ चा. त्याचे पहिले प्रतिनिधी जेम्स फिट्झजेराल्ड. मध्ये १८९० ते १८९३ एवढा काळ तो नकाशावर नव्हता, नंतर पुन्हा आला आणि १९९६ मध्ये कायमचा गेला. त्या वर्षी देशाने निवडणुकीची पद्धत बदलली, काही खासदार पक्षांच्या याद्यांमधून निवडले जाऊ लागले, मतदारसंघ कमी झाले आणि लिटलटनचा बराचसा भाग बँक्स पेनिन्सुला या नव्या मतदारसंघात गेला. पुढे पंतप्रधान झालेले नॉर्मन कर्क १९५७ मध्ये संसदेत पहिल्यांदा गेले ते इथूनच. पण मला सांगायचे आहे ते मॅककॉम्ब्स कुटुंबाविषयी.

जेम्स मॅककॉम्ब्स १९१३ च्या पोटनिवडणुकीत इथून निवडून आले. मजूर पक्षाचे ते पहिले अध्यक्ष. गोदी कामगार त्यांच्या मागे होते, तरी जागा कधीच निर्धास्त नव्हती. १९२५ मध्ये तर दोन्ही उमेदवारांना सारखीच मते पडली आणि निकाल न्यायालयात लागला. १९३१ मध्ये ते जेमतेम ३२ मतांनी वाचले. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि सप्टेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी एलिझाबेथ अडीच हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून आल्या. न्यूझीलंडच्या संसदेतली ती पहिली स्त्री. दोनच वर्षांत, १९३५ मध्ये, त्याही गेल्या आणि जागा त्यांच्या मुलाकडे, टेरेन्सकडे आली. त्याने ती १९५१ पर्यंत राखली.

नवरा, बायको, मुलगा. कराडकडच्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. दाजीसाहेब चव्हाण, त्यांच्यानंतर प्रेमलाकाकी, मग १९९१ मध्ये पृथ्वीराजबाबा. योगायोग असा की कराड लोकसभा मतदारसंघही आता नाही, मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या २००८ च्या फेररचनेत तो गेला.

मग ग्रुपवरच्या वाक्यात चूक काय? चूक ही की ते गोष्ट मधूनच सुरू करते. एलिझाबेथ मॅककॉम्ब्स १९३३ मध्ये स्वयंपाकघरातून थेट सभागृहात गेल्या नव्हत्या. १९२१ पासून त्या क्राइस्टचर्चच्या नगरपरिषदेवर होत्या, तिथे वीज समितीचे काम पाहत होत्या, रुग्णालय मंडळावर होत्या. नवरा हयात असताना त्या संसदेसाठी दोनदा लढल्या होत्या, १९२८ मध्ये कायापोईतून आणि १९३१ मध्ये क्राइस्टचर्च नॉर्थमधून. दोन्ही जागा मजूर पक्षासाठी अवघड, दोन्हीकडे त्या हरल्या. स्त्रियांना मताचा हक्क १८९३ मध्ये मिळाला होता, संसदेसाठी उभे राहण्याचा १९१९ मध्ये. म्हणजे कायद्याने दार उघडून १४ वर्षे झाली तरी एकही बाई आत गेली नव्हती. अनुभव, अभ्यास, ओळख हे सगळे या बाईंजवळ आधीपासून होते. नव्हती ती जिंकण्याजोगी जागा, आणि ती त्यांना मिळाली नवरा गेल्यावर.

या गोष्टीने मला संताप येतो. दोष कुटुंबाच्या दारातून आलेल्या बाईचा नाही. बाकीची सगळी दारे बंद ठेवणाऱ्या पक्षांचा आहे.

आणि आत गेल्यावर त्यांनी काय केले? मंदीचे दिवस होते. नोकरदार स्त्रियांच्या पगारातून बेकारी-निवारणाचा कर कापला जाई, पण त्यांची नोकरी गेली तर मदत मिळत नसे. हा अन्याय त्यांनी सभागृहात मांडला. समान कामाला समान वेतन मागितले. पोलीस दलात स्त्रिया घ्या, असा आग्रह धरला. ते प्रत्यक्षात आले १९४१ मध्ये, त्या गेल्यानंतर सहा वर्षांनी. १९८४ मध्ये देशाला पहिली महिला पोलीसमंत्री मिळाली. त्या ॲन हर्कस, लिटलटनच्याच खासदार.

मॅककॉम्ब्स बाईंनंतर पुढची ४० वर्षे लिटलटनमधून एकही स्त्री निवडून आली नाही, हेही सांगायला हवे. एका बाईने वाट पाडली की आपोआप रांग लागते, असे होत नाही. पण १९७५ ते १९९६ या २१ वर्षांत मधली तीन वर्षे सोडली तर इथून स्त्रीच निवडून येत राहिली : कॉलीन ड्यू, ॲन हर्कस, गेल मॅकिंटॉश, रूथ डायसन. दोघी नॅशनल पक्षाच्या, दोघी मजूर पक्षाच्या. यांपैकी कुणालाही ही जागा नवऱ्याकडून वा वडिलांकडून मिळालेली नव्हती.

आपल्याकडचे काही मित्र लगेच म्हणतील, बघा, तिकडे आरक्षण नसतानाही झाले. खरे आहे, इथे स्त्रियांसाठी राखीव जागा नाहीत. १९९६ नंतर पक्षांच्या याद्यांमधून स्त्रिया वाढल्या आणि २०२२ मध्ये सभागृहात स्त्रिया प्रथमच निम्म्याहून किंचित जास्त झाल्या. पण २०२३ च्या निवडणुकीत प्रमाण पुन्हा घसरले, कारण सगळे पक्षांच्या मर्जीवर आहे. आणि निम्म्यापर्यंत पोचायला मतदानाच्या हक्कापासून १२९ वर्षे लागली. एवढी वाट आपण कुणाला, कोणत्या तोंडाने पाहायला सांगणार?

लिटलटन संपले त्याच वर्षी, सप्टेंबर १९९६ मध्ये, दिल्लीत महिला आरक्षणाचे विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर व्हायला २०२३ उजाडले, आणि मंजूर करतानाच त्यात जनगणनेची आणि त्यानंतरच्या फेररचनेची अट घातली गेली. फेररचना आपल्याकडे ज्वलंत विषय आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याची शिक्षा म्हणून आपले वजन घटेल, ही दक्षिणेकडच्या राज्यांची भीती अगदी रास्त आहे. न्यूझीलंडमध्येही उत्तर बेटाची लोकसंख्या वाढत गेली, तेव्हा दक्षिण बेटाच्या सर्वसाधारण (म्हणजे माओरींच्या वेगळ्या जागा सोडून उरलेल्या) जागा कायद्याने १६ ठरवल्या गेल्या आणि बाकीचा हिशेब त्यावरून बांधला. उत्तर बेटाला जागा वाढवून मिळतात, दक्षिण बेटाची संख्या घटत नाही. त्याने दक्षिण बेटाचे संसदेतले वजन पूर्वीइतकेच राहते असे नाही, पण निदान नियम सर्वांना आधी माहीत असतो. जनगणनेनंतर आयोग सीमा आखतो, जुने मतदारसंघ जातात, नवे येतात. हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवता येतो, आणि तसाच सोडवावा. बायकांचा एक तृतीयांश वाटा त्याच्या शेपटीला बांधण्याचे कारण मला तरी दिसत नाही. आज आहेत त्या ५४३ जागांमध्येही तो देता आला असता. २०२४ मध्ये त्यांतल्या ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या.

महाराष्ट्रात तर अनुभवी बायकांचा तुटवडा आहे असे म्हणताच येणार नाही. २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पाणीपुरवठ्याच्या योजना, शाळाखोल्या, रस्ते, कचरा, अंदाजपत्रक यांत पाच-पाच, दहा-दहा वर्षे काढलेल्या हजारो जणी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १९३३ पूर्वीच्या एलिझाबेथ मॅककॉम्ब्स यांच्यासारख्याच, नगरपालिकेपर्यंत येऊन थांबलेल्या. त्यांना विधानसभेचे तिकीट द्यायला कोणत्याही पक्षाला जनगणना लागत नाही, फेररचना लागत नाही, घटनादुरुस्तीही लागत नाही. आणि तिकीट द्यायचे ते पक्ष गेली तीन निवडणुका अनामत घालवतो आहे तिथले नव्हे, तर आमदार आहे तिथले द्यावे. ग्रुपवरच्या माझ्या भावांनी आणि काकांनी पुढच्या वेळी प्रश्न विचारायचाच असेल तर तो आपापल्या तालुक्यातल्या पक्षाध्यक्षांना विचारावा.