कोड कुणाच्या नावाचा?

काल मावशींकडून मेथीची जुडी आणि पाव किलो गवार घेतली. ४५ रुपये झाले. मी सवयीने मोबाइल काढला, तर म्हणाल्या, "ताई, सुट्टे असले तर रोख द्या की आज."

मला वाटलं, डबा बिघडला असेल, तो 'पैसे मिळाले' ओरडणारा. तसं काही नव्हतं. कोड मुलाच्या नावाचा आहे. दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जाते, आणि पहाटे मार्केट यार्डात टेम्पोवाल्याला, हमालाला द्यायचे पैसे मावशींनी त्याच्याकडे मागायचे. "माझाच गल्ला नि मीच हात पसरायचा," म्हणाल्या आणि गवारीवर पाणी मारत बसल्या. पूर्वी नोटा कमरेच्या पिशवीत असायच्या, चिल्लर गोणपाटाखाली. तिथे कुणाची हात घालायची टाप नव्हती.

कोड लावा म्हणून मागे लागणाऱ्यांत मीच पुढे होते, ही माझी लाज. २०१६च्या नोटाबंदीत याच बाईने मला वहीत लिहून भाजी दिली होती. सुट्ट्यांची कटकट गेली हे खरंच, आणि २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशनही कापत नाहीत. (डब्याचं महिन्याचं भाडं मात्र कापतात.) पण यूपीआयला बँकेत जोडलेला नंबर लागतो. मावशींचं जनधन खातं आहे, त्याला नंबर मुलाचा. हातात बटणाचा फोन. तसल्या फोनसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, आमच्या रस्त्यावर ते वापरणारं अजून कुणी दिसलेलं नाही.

रोख मागितली की आपल्याला लगेच करचुकवेगिरीचा वास येतो. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यांनी कोड काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर केवढी प्रवचनं झाली! अहो, ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. मावशी काय चुकवणार?

मुलगा वाईट नाही. हप्ते आहेत, रिक्षा आहे. पैसे समोर दिसले की खर्च होतात, एवढंच.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर बँकेत जाणार आहे, नंबर बदलायला. माझा जुना फोन पडून आहे, काचेला तडा गेलाय पण चालतो. मुलाला काय सांगणार, विचारलं. जुडीची मुळं छाटत म्हणाल्या, "भवानीच्या वेळेला त्याचा फोन वाजला नाही, की कळंलच."