अकराशे रुपयांचं डांगर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझी नोकरी गेली, दुसऱ्यात फ्रीज गेला, तिसऱ्यात दिंडोरीकडे सासऱ्यांच्या द्राक्षबागेवर रात्रभर पाऊस कोसळला आणि चौथ्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला, "यंदा कापणीच्या सणाला साक्ष तुम्ही द्यायची."

"मी?"

"तुम्हीच. मंडळीला उभारी येईल."

माझ्याकडे बघून लोकांना उभारी का यावी, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

आमच्याकडची साक्ष कोर्टातली नसते. भर उपासनेत उभं राहून देवाने वर्षभरात काय काय केलं ते सांगायचं असतं. एरवी लोक छान सांगतात. कुणाच्या मुलाला व्हिसा मिळालेला असतो, कुणाचं ऑपरेशन बिनटाक्याचं झालेलं असतं, कुणाला बिल्डरने फ्लॅटचा ताबा दिलेला असतो (नाशकात हा चमत्कारच). मी काय सांगणार? आमच्या स्वयंपाकघरात वचनाचं, म्हणजे बायबलमधल्या ओळींचं कॅलेंडर आहे. त्यावर त्या महिन्याचं वचन होतं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', १ थेस्सलनीका ५:१८. त्याच्या बरोब्बर खाली बंद फ्रीज. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा माळ्यावरून खाली काढलेल्या माठातलं पाणी पिताना मला रोज त्यातला 'सर्व' हा शब्द आधी दिसायचा.

खरं तर नोकरीची बातमी आम्ही कुणाला सांगणारच नव्हतो. पण बायकोने महिला मंडळात 'प्रार्थनेचा विषय' म्हणून ती सांगितली. प्रार्थनेचा विषय पसरतो त्या वेगाने गोदावरीला पूरही येत नसेल. सकाळी अकराला सांगितला आणि संध्याकाळपर्यंत नाशिक रोड, देवळाली कॅम्पपर्यंत लोक माझ्यासाठी गुडघे टेकून होते. एका मावशींचा तर फोनच आला, "काढलं की तुम्हीच सोडलं? नाही, प्रार्थनेत नीट सांगायला हवं ना."

मग गुरुवारी आमच्या घरी घरसभा. पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं झाली, तोवर सगळं उत्तम. नंतर एका वयस्कर काकांनी डोळे मिटून मोठ्या आवाजात प्रार्थना धरली, "प्रभू, तुला ठाऊकच आहे की या बांधवाचं वय ५१ आहे, त्याला बीपी आहे आणि घराचे हप्ते अजून ७ वर्षं आहेत…" प्रभूला ठाऊक होतं. खिडकी उघडी असल्यामुळे आता सोसायटीलाही ठाऊक झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "दूध आमच्या फ्रीजमध्ये ठेवत जा. आणि बीपीचं औषध घेता ना?"

सासऱ्यांना भेटायला गेलो तेव्हा ते मध्यरात्री फवारणी करून सकाळी ओट्यावर बसले होते. गोडी छाटणी करून झाली होती, घड नुकते बाहेर डोकावत होते आणि वर हा पाऊस. अशा वेळी डावणी ही बुरशी आली की कोवळे घड पानांआधी जातात. किती गेलं ते अजून त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी आपला जावयाचा धर्म म्हणून दिलासा देऊ लागलो, "बाबा, वचनात आहेच ना, पिता माळी आहे, तो फाट्यांची छाटणी करतो…"

"कोणती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"छाटणी कोणती? एप्रिलची का ऑक्टोबरची? आजवर १२ पाळक या वचनावर बोलताना ऐकलेत, एकानं सांगितलं नाही."

मी गप्प. मग त्यांनीच समजावून सांगितलं. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलची ती खरड छाटणी. तिच्यात वेल पार ओंडक्यासारखा उघडाबोडका करतात, बघवत नाही. त्या हंगामात फळ धरायचंच नसतं, नुसती काडी तयार करायची. पुढच्या वर्षीचा घड तिच्यातच आत बारीक तयार होत असतो, डोळ्यांना दिसत नाही. एवढं सांगून त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमची खरड दिसतेय, जावईबापू." मग चहा मागवला. १८ वर्षांत या गृहस्थांनी माझी एवढी चौकशी केली नव्हती.

निघताना त्यांनी सणासाठी एक डांगर दिलं. द्राक्षं देण्यासारखी तर अजून झालीच नव्हती. डांगर बांधावर आपलं आपण वाढलं होतं. ९ किलो भरलं.

रविवारी चर्चमध्ये वेदीसमोर ऊस, केळीचे घड, अंडी, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेला एक रागीट कोंबडा आणि मधोमध आमचं डांगर. माझी साक्ष उपदेशाच्या आधी होती. चार रात्री जागून कागदावर लिहून नेली होती. उभा राहिलो आणि लक्षात आलं, चष्मा बायकोच्या पर्समध्ये, आणि बायको बायकांच्या बाजूला. मग तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, "नोकरी गेल्याबद्दल उपकार मानायला मला अजून जमलेलं नाही. खोटं इथे कसं बोलू? जमलं की पुन्हा उभा राहीन. सध्या समोरच्या काकूंच्या फ्रीजबद्दल देवाचे उपकार." आणि बसलो. क्षणभर शांतता. मग कोंबडा ओरडला. कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण येऊन अख्खी मंडळी हसली, पाळकसाहेबसुद्धा.

उपासनेनंतर वेदीसमोरच्या या सगळ्याचा लिलाव. लिलाव पुकारतात आमचे खजिनदार आणि गोष्ट असते चर्चच्या गळक्या छपराची, त्यामुळे दयामाया नसते. मी मनाशी ठरवलं होतं, सासऱ्यांचं डांगर परक्याच्या घरी जाऊ द्यायचं नाही. शंभरपासून सुरुवात झाली. मी दीडशे म्हणालो. पलीकडून कुणीतरी दोनशे केले. मी अडीचशे. तिकडून तीनशे. आमच्याकडे पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे बसतात आणि मी नेमका खांबामागे. कोण एवढी डांगराला हपापलेली बाई आहे, ते दिसेना. पाचशेला मी चिडलो. आठशेला माझा आवाज चढला. हजारला बाजूचे भाऊ माझी बाही ओढू लागले, मला वाटलं बेकारीची आठवण करून देतायत. शेवटी अकराशेला मी जिंकलो, टाळ्या पडल्या आणि मी विजयी मुद्रेने खांबाबाहेर आलो. समोर बायको. हातात पर्स आणि माझा चष्मा.

"तुम्ही होतात?" ती म्हणाली.

खजिनदारांना आम्ही दोघंही पहिल्यापासून दिसत होतो.

स्कूटरवर डांगर पायाशी मावेना. शेवटी ती चालवायला बसली आणि मी मागे मांडीवर नऊ किलो घेऊन. शरणपूर रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकाला मी कण्हत होतो. बायको इतिहास शिकवते, हे माझं दुर्दैव. ती मागे न बघता म्हणाली, "इथेच शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट. गुलामगिरीतून सुटलेला पोरगा. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव दीड हजार किलोमीटर चालत समुद्रापर्यंत नेलं. पुढे १८७४ साली तो शवासोबत इंग्लंडपर्यंत गेला. आणि तुम्हाला सिडकोपर्यंत एक डांगर नेववत नाही?"

मी कण्हणं थांबवलं. वेनराइटने ते शव लिलावात घेतलं नव्हतं, हे मनात आलं, पण बोललो नाही.

दिवाळीत शेजारून फराळाचे पाच डबे आलेले होते. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. एरवी आम्ही हा हिशेब नाताळच्या करंज्यांनी फेडतो, पण या वर्षी चार दिवस घरात घारगेच तळले जात होते. मी किसायला. पहिला डबा अर्थात काकूंना, फ्रीजचं भाडं म्हणून.

रात्री सासऱ्यांचा फोन आला. बाग निम्म्याच्या वर वाचेल असं दिसत होतं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "डांगर केवढ्याला गेलं?"

"अकराशे."

पलीकडे बराच वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज. ते हिशेब करत होते.

"म्हणजे किलोला एकशे बावीस," ते म्हणाले. "द्राक्षाला कधी बघितला नाही असला भाव. कोण घेतलं?"

मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली.

"आहेत एक जण," मी म्हणालो. "चांगली माणसं आहेत."

"मग पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी दोन पाठवतो."