रसेलला प्लंबरांच्या काळातला म्हणणाऱ्यांनो

सकाळी आमच्या बास्केटबॉलच्या ग्रुपवर एकाने अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या ऑल टाइम टॉप टेन खेळाडूंची यादी टाकली, त्यात 1950-60 च्या दशकात बोस्टनकडून खेळलेल्या बिल रसेलचं नावच नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं, त्या काळी समोर प्लंबर, म्हणजे हौशी लोक खेळायचे, आज त्याला बेंचवरपण कुणी बसवलं नसतं. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकं सटकलं माझं. ग्रुपवर तमाशा नको म्हणून इथे लिहितोय, मोठं होईल, पण वाचा.

हा प्लंबरचा डायलॉग पण त्याचा स्वतःचा नाही. माजी खेळाडू जेजे रेडिक 2022 मध्ये टीव्हीवर रसेलचा टीममधला जोडीदार बॉब कूझी याच्याबद्दल असं बोलला होता, तेव्हापासून जो तो उठतो आणि तेच फेकतो. अरे, 13 सीझनमध्ये 11 चॅम्पियनशिप आहेत रसेलच्या. गेम सेव्हन, म्हणजे सिरीजची शेवटची निर्णायक मॅच, 10 खेळला, 10 जिंकला. शेवटची 3 वर्षं तर स्वतः खेळत होता आणि कोचपण तोच होता, त्यातही 2 टायटल आणली. लीगने ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे अडवलेले शॉट, मोजायला सुरुवातच केली 1973-74 पासून, म्हणजे ज्या कामात हा माणूस सगळ्यांचा बाप होता त्याचा आकडाच कागदावर नाही, आणि तुम्ही आम्हाला स्टॅट्स दाखवता!

सुरुवातीला लीगमध्ये 8च टीम होत्या, मान्य. पण मग 8 टीम म्हणजे अख्ख्या अमेरिकेत जेमतेम शंभरेक जागा, हेही मान्य करा की.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हाचं सांगतो. अकॅडमीत शिकणारी चार-पाच पोरं आलेली, लाकडी कोर्ट, काचेचा बोर्ड अशा ठिकाणी खेळणारी. आमचे एक सीनियर आहेत, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, पन्नाशी कधीच मागे पडली. पोरं त्यांना म्हणाली, दादा तुमच्या टायमाला सोपं होतं. दादा चिडले नाहीत, उद्या सकाळी शाळेच्या जुन्या ग्राउंडवर या म्हणाले, बास. तिथलं सिमेंट उखडून खडी वर आलेली, बोर्ड प्लायवूडचा, पावसात फुगलेला, रिंग एका बाजूला झुकलेली. पहिल्याच स्टेप-बॅकला, म्हणजे मागे सरकून शॉट मारताना, एक पोरगं घसरलं आणि ढोपर सोलून घेतलं. बोर्डवर मारलेला बॉल मेल्यासारखा खाली पडायचा. आणि दादा, त्या बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात वीतभर जागा अजून टणक राहिलीये ना, बरोबर तिथेच मारत होते, आणि बॉल आत.

सांगायचं हे की तुमची टाइम मशीन एकाच बाजूने चालते. रसेलला उचलून आज आणता, ते पण त्याच बुटांत, त्याच जेवणावर, ना ट्रेनर ना फिजिओ. तुमच्या लाडक्याला कधी 1962 मध्ये का नाही पाठवत? कॅनव्हासचे बूट घाल, थ्री पॉइंटची लाइन नाही कारण ती आली 1979-80 ला, ड्रिबल करताना हात बॉलच्या खाली गेला की शिट्टी, आणि सीझन संपला की घर चालवायला दुसरी नोकरी बघ. त्या पोरांना नुसती खडी आली पायाखाली तर सगळं विसरली होती.

आणि खडी तर काहीच नाही. 1961 मध्ये केंटकीत लेक्सिंग्टनला मॅच होती, हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये काळ्या खेळाडूंना खायला दिलं नाही. रसेल आणि त्याचे काळे सहकारी मॅच न खेळता सरळ विमानाने परत गेले. ज्या बोस्टनला त्याने 11 टायटल दिली त्याच्या शेजारच्या रीडिंग गावात त्याचं घर फोडून लोकांनी बिछान्यात घाण करून ठेवली. हे सगळं डोक्यात घेऊन हा माणूस संध्याकाळी कोर्टवर उतरायचा आणि समोर कोण, तर विल्ट चेंबरलेन, ज्याने 1961-62 ला सरासरी 50.4 पॉइंट काढले. प्लंबर होता का तो? लाज वाटत नाही का रे असं लिहायला?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. मुंबईतल्या नागपाड्याचे अब्बास मुंतसिर, भारताच्या बास्केटबॉल टीमचे कॅप्टन, अर्जुन पुरस्कार मिळालेला माणूस, ग्रुपवर किती जणांना नाव माहितीये? रील नाही म्हणजे खेळाडूच नाही, असं झालंय.

बरं, हेच लोक आजच्या लेब्रॉन जेम्सलाही सोडत नाहीत. म्हातारा झाला, घरी बस म्हणे. 2025-26 हा त्याचा 23वा सीझन, एवढे सीझन आजवर कुणी खेळलेलं नाही, 40 हजारांवर पॉइंट, मुलासोबत एका टीममध्ये कोर्टवर उतरला. डिफेन्सला परत यायला आता वेळ लावतो, दिसतं मलाही. पण 2025 च्या डिसेंबरमधली टोरंटोविरुद्धची मॅच आठवा. 2007 पासून सलग 1,297 मॅच त्याने दहा किंवा जास्त पॉइंट केलेले, त्या दिवशी 8 वर होता, स्कोअर बरोबरीत, शेवटचा बॉल त्याच्याच हातात. शॉट मारला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्याने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या सहकारी हाचिमुराला पास दिला, त्याने थ्री मारला, मॅच जिंकली, रेकॉर्ड गेला. मी ते परत परत बघितलंय आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

दादा पण हरले होते त्या सकाळी, ते सांगायचं राहिलंच. पोरं 21 ला आधी पोचली, दादांचा दमच संपला. पण मॅच झाल्यावर तीच पोरं त्यांच्याभोवती उभी राहून विचारत होती, दादा नेमकं कुठे मारायचं, परत दाखवा. चेष्टा करणारा सगळ्यात पुढे होता.

आणि हो, ते फायनलमध्ये मायकेल जॉर्डन 6-0 आणि लेब्रॉन 4-6, हे पण बंद करा आता. जॉर्डन पहिली तिन्ही वर्षं पहिल्याच राउंडला बाहेर गेलाय. 1986 ला बोस्टनमध्ये 63 मारले आणि तरी मॅच हरला, सिरीज 3-0 ने गेली. पहिल्या राउंडला हरलं तर डाग नाही आणि फायनलला जाऊन हरलं तर डाग, हे कुठलं गणित?

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो, माझ्यासाठी एक नंबर जॉर्डनच. 98 च्या फायनलला युटाविरुद्धचा त्याचा तो शेवटचा शॉट केबलवर बघितलाय, ते डोळ्यांसमोरून हलत नाही, त्याला मी काय करू. पण म्हणून रसेलला खाली ढकलायची मला गरज पडली नाही कधी. कमेंटमध्ये भांडा खुशाल, फक्त आधी रसेलची जुनी मॅच बघा, हायलाइट्स नको, पूर्ण मॅच. यूट्यूबवर आहेत.